बाल्टियसची तीन खाती

ही नोंद एका लढतीची आहे. व्हिडिओ गेम ‘आर्मर्ड कोअर सहा: फायर्स ऑफ रुबिकॉन’, फ्रॉमसॉफ्टवेअर या जपानी कंपनीचा, २५ ऑगस्ट २०२३ ला आलेला. मिशन पहिल्या अध्यायातलं शेवटचं, ‘अटॅक द वॉचपॉइंट’. समोर बॉस, म्हणजे मिशनच्या शेवटी आडवा येणारा मोठा शत्रू, बाल्टियस. खेळणारा माझा भाचा, बारावीची परीक्षा उरकून आमच्याकडे सुट्टीला आलेला, आणि मी शेजारी बसणारा. मला अंगठ्यांचं काम जमत नाही. माझं काम हिशेबाचं: दिवसभर टॅलीत लोकांच्या नोंदी करायच्या आणि ताळेबंद जुळेना की चूक कुठल्या खात्यात जाऊन बसलीय ते शोधायचं.

तो दोन रात्रींत सतरा वेळा हरला आणि तिसऱ्या रात्री, तेविसाव्या खेपेला जिंकला. मधे काय कळलं ते लिहून ठेवतोय. या बॉसबद्दल ज्याला विचारावं तो ‘अमुक बंदूक घे, तमुक पाय लाव’ असं सांगतो. बंदूक बरोबरच असते. पण ती का बरोबर आहे हे कळलं नाही तर पुढच्या बॉसपाशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

परिस्थिती अशी होती

गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. रुबिकॉन नावाच्या ग्रहावर तुम्ही भाडोत्री पायलट असता. तुमचं यंत्र, म्हणजे एसी, तुम्हीच जोडायचं: डोकं, धड, हात, पाय, आत जनरेटर, बूस्टर आणि नेम धरणारी यंत्रणा. दोन हात आणि दोन खांदे, म्हणून चार शस्त्रं. पडद्यावर खाली एक मोठा आकडा दिसतो तो एपी, आर्मर पॉइंट्स. सुरुवातीच्या काळात तो साधारण नऊ-दहा हजारांच्या घरात असतो, शून्य झाला की खेळ खलास. सोबत दुरुस्तीचे तीन संच मिळतात. हात तुटला, पाय निकामी झाला असला प्रकार इथं नाही, सगळ्या यंत्राचा मिळून एकच एपी.

वॉचपॉइंटवर आधी सुल्ला नावाचा दुसरा एक भाडोत्री पायलट आडवा येतो. त्याला पाडलं, काम उरकलं, आता घरी जायचं असं वाटतं तेवढ्यात स्फोट होतो आणि बाल्टियस अवतरतो. ही चीज बहुतेक वेळ हवेतच तरंगते. तिच्याभोवती पल्स कवच, म्हणजे ऊर्जेचा संरक्षक पडदा, असतो आणि पाठीमागून क्षेपणास्त्रांचं अख्खं कडं फुटतं. लग्नातल्या भुईचक्रासारखं ते दिसतं, फक्त प्रत्येक ठिणगी तुमच्याच मागे लागलेली असते. तिच्या आधी चेकपॉइंट आहे, म्हणजे हरलात तर सुल्लापासून सुरू करावं लागत नाही. या चेकपॉइंटनं पुढं घोटाळा केला, त्याकडे येतोच.

भाच्याचं यंत्र हलकं होतं. मागे वाकणारे उड्या मारणारे पाय, उजव्या हातात सुरुवातीलाच मिळणारी रायफल, डाव्या हातात सुरुवातीचंच पल्स ब्लेड, दोन्ही खांद्यांवर क्षेपणास्त्रं. त्याचं म्हणणं, ‘मामा, लांब राहायचं आणि टोचत राहायचं. त्याला माझ्यापर्यंत पोचूच द्यायचं नाही.’ ऐकायला बिनतोड.

प्रत्यक्षात काय व्हायचं? पहिलं दीड मिनिट छान जायचं. हा उड्या मारतोय, रायफल टकटकतेय, क्षेपणास्त्रं सुटतायत. वर बाल्टियसची एपीची पट्टी मात्र मुंगीच्या पावलानं सरकतेय. मग एक कडं अंगावर यायचं, यंत्र जागच्या जागी गचकायचं, आणि पुढच्या दोन सेकंदांत तीन-चार हजार एपी गायब. एक संच वापरला. पुन्हा तेच. दुसरा संच. तिसरा. बाल्टियस निम्म्याच्या आसपास आला की आग ओकायला लागतो, आणि तिथं कारभार आटोपायचा.

दोन्ही रात्री भाचा एकच गोष्ट म्हणत होता: ‘माझं डॅमेजच कमी पडतंय.’ मलाही आधी तसंच वाटलं होतं.

रेकॉर्डिंग

दुसऱ्या रात्री मी फोन समोर धरून तीन लढती रेकॉर्ड केल्या आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर थांबवत-थांबवत बघितल्या. बहीण म्हणाली, ‘याच्या परीक्षेच्या पेपरांकडे एवढं बघितलं असतंस तर बरं झालं असतं.’ असो.

बघताना एक गोष्ट लगेच डोळ्यात भरली. बाल्टियसचा एपी सरळ रेषेत उतरतच नव्हता. बराच वेळ जवळपास स्थिर, मग एकदम ढसकन खाली, पुन्हा स्थिर. आणि ज्या ज्या वेळी तो ढसकन आला, त्या प्रत्येक वेळी बाल्टियस हवेत थिजलेला होता. एकही अपवाद नाही. म्हणजे ‘डॅमेज कमी पडतंय’ हे निदान चुकीचं होतं. त्या थोड्या सेकंदांत डॅमेज भरपूर पडत होतं, अडचण एवढीच की ते सेकंद फार थोडे होते. आणि भाच्याचा स्वतःचा एपी बघितला तर तिथंही तेच: तो थिजला की कोसळला, एरवी नुसते ओरखडे.

मग मी वहीचं पान घेतलं आणि तीन रकाने पाडले.

पहिलं खातं कवचाचं. बाल्टियसभोवतीचं पल्स कवच शाबूत आहे तोवर आतल्या एपीपर्यंत फारसं काही पोचत नाही. हे कवच फोडायचं तर शस्त्राचा नेहमीचा मार किती याला फार महत्त्व नसतं. शस्त्राच्या माहितीपत्रकात खाली एक वेगळा आकडा असतो, पीए इंटरफिअरन्स, पल्स कवचाला किती त्रास देतो याचा. तो पल्स जातीच्या शस्त्रांचा मोठा असतो. रायफलीचा किरकोळ. भाच्यानं हा आकडा कधी वाचलाच नव्हता. आपण वीजबिलाच्या मागची बाजू वाचतो का?

दुसरं खातं तोलाचं. गेममध्ये याला एसीएस म्हणतात, यंत्राचा तोल सांभाळणारी यंत्रणा. प्रत्येक शस्त्राला माराच्या जोडीनं धक्क्याचा एक आकडा असतो. धक्के बसत गेले की समोरच्याची तोलाची पट्टी भरत जाते, आणि काठोकाठ भरली की तो थिजतो. खेळाडू याला सरळ ‘स्टॅगर’ म्हणतात. पण ही पट्टी गळकी घागर आहे. थोडा वेळ धक्का बसला नाही की भरलेलं ओसरायला लागतं. नळाला बारीक धार असेल आणि घागर गळकी असेल तर रात्रभर उभं राहूनही ती भरत नाही. टकटक करणारी रायफल म्हणजे ती बारीक धार.

तिसरं खातं एपीचं, म्हणजे खऱ्या नुकसानीचं. इथला कळीचा आकडा ‘डायरेक्ट हिट ॲडजस्टमेंट’, आपण थेट वाराची टक्केवारी म्हणू. समोरचा थिजलेला असताना तुमचा मार या टक्केवारीनं वाढतो. प्रत्येक शस्त्राची टक्केवारी वेगळी.

समजा खांद्यावरच्या तोफेचा एक बार १,००० चा मार देतो आणि तिची थेट वाराची टक्केवारी १८० आहे. आकडे मी हिशेबाच्या सोयीसाठी धरलेत. बाल्टियस सावध असताना बार टाकला तर १,००० वजा. तोच बार तीन सेकंद थांबून तो थिजल्यावर टाकला तर १,८००. गोळी तीच, तिची किंमत तीच, बंदूक पुन्हा भरायला लागणारा वेळही तोच. आता उलटी बाजू बघा: थिजलेल्या अवस्थेत धक्के बसले तरी ते पुढच्या पट्टीत जमा होत नाहीत. म्हणजे ज्या शस्त्राचा धक्का मोठा पण थेट वाराची टक्केवारी कमी, ते थिजण्याच्या आधी वापरायचं. ज्याचं उलट, ते नंतर. चार शस्त्रं एकाच वेळी दाबून धरणारा गडी हे सगळं मिसळून टाकतो. भाचा तेच करत होता. चारही बटणं, जशी पुन्हा भरतील तशी.

म्हणजे त्याची कमाई कमी नव्हती, ती चुकीच्या खात्यात जमा होत होती. कवचाच्या काळात तो तोलाचं शस्त्र खर्च करायचा आणि तोल जायच्या क्षणी हातात काही शिल्लक नसायचं.

ब्लेडचं प्रकरण

हे एकच उदाहरण नीट उलगडून सांगतो, कारण सतरा पराभवांचं मूळ मला यातच दिसलं.

सुरुवातीचं पल्स ब्लेड ही मोठी गुणी वस्तू आहे. पल्स जातीचं, म्हणून कवच फाडतं. जवळचं शस्त्र, म्हणून थिजलेल्या शत्रूवर सणसणीत बसतं. त्याला गोळ्या लागत नाहीत, म्हणून खर्च शून्य. पण प्रत्येक वापरानंतर ते तापतं आणि थंड होईपर्यंत हाताशी येत नाही.

रेकॉर्डिंगमधली एक लढत घ्या. बाल्टियस कवचासकट समोर आला. भाचा बूस्ट मारून आत घुसला, ब्लेडचे दोन सपकारे, कवच फुटलं. वाहवा. लगेच रायफल आणि क्षेपणास्त्रं, तोलाची पट्टी भरत आली, आणि बाल्टियस थिजला. हाच तो क्षण, ज्याच्यासाठी सगळा खटाटोप. भाच्यानं ब्लेडचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ब्लेड अजून थंड होतंय. मग नाइलाजानं रायफल, टक टक टक. क्षेपणास्त्रं तर तो थिजायच्या अर्धा सेकंद आधीच सुटून गेलेली. बाल्टियस सावरला, कवच काही वेळानं परत उभं राहिलं, आणि सगळं पहिल्यापासून.

हा प्रकार मी तीन लढतींमध्ये सात वेळा मोजला. दर वेळी तो कंट्रोलरवर चिडत होता. ‘मामा, बटण लागत नाहीये.’ बटण बरोबर लागत होतं. एकाच माणसाला सकाळी तहसील कचेरीत आणि त्याच वेळी बँकेत पाठवायचं ठरवलं की असंच होणार.

उपाय म्हणजे दोन वेगळी माणसं. ब्लेड फक्त तिसऱ्या खात्यासाठी राखून ठेवायचं, कवचाला हात लावू द्यायचा नाही. कवचासाठी उजव्या हातात पल्स गन. धक्क्यासाठी खांद्यावर जड ग्रेनेडची तोफ. दुकानात ‘सॉन्गबर्ड्स’ नावाची दुनळी होती. दुसऱ्या खांद्यावर जुनीच क्षेपणास्त्रं राहू दिली. रायफल बाद.

सल्ला देणाऱ्यांच्या यादीतली ही सगळी नावं भाच्याला आधीपासून पाठ होती. त्यानं ती घेतली का नव्हती?

सुल्ला पुन्हा कोण मारणार

इथं चेकपॉइंटची गोष्ट येते. हरल्यावर गेम तुम्हाला चेकपॉइंटवरून उठताना यंत्र बदलायची मुभा देतो, पण फक्त तुमच्याकडे असलेल्या सुट्या भागांतून. दुकान तिथं उघडत नाही. नवीन काही विकत घ्यायचं तर मिशन सोडून गॅरेजमध्ये परत जावं लागतं, आणि मग वॉचपॉइंट पहिल्यापासून, सुल्लासकट.

भाच्याकडे पल्स गन नव्हती. ‘एवढा इथवर आलोय, आता परत कुठं जाऊ,’ हे तो प्रत्येक पराभवानंतर म्हणत होता. आठव्यानंतर म्हणाला, बाराव्यानंतर म्हणाला. परत जायचा खर्च किती, तर फार तर दहा-बारा मिनिटं. तो वाचवायला त्यानं दोन रात्री घातल्या. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. बंद पडलेल्या मशीनवर आणखी दुरुस्तीचा खर्च करणारा माणूस कधीच नवीन मशीनची किंमत विचारत नाही, तो आत्तापर्यंत झालेला खर्च सांगत बसतो.

मी त्याला दुसरी एक गोष्ट दाखवली. या गेममध्ये सुटे भाग ज्या किमतीला घेतले त्याच किमतीला विकले जातात. पूर्ण किंमत परत. घसारा शून्य! चार्टर्ड अकाउंटंटला हे सांगितलं तर तो त्या ग्रहावर राहायला जाईल. म्हणजे पैसे नाहीत ही सबब नव्हतीच: एका खांद्यावरची क्षेपणास्त्रं विकायची, रायफल विकायची, हवं ते घ्यायचं, लढत झाली की उलट व्यवहार करायचा.

तिसऱ्या रात्री त्यानं तोंड वाकडं करत मिशन सोडलं. सुल्लाला पाडायला पाच मिनिटंही लागली नाहीत, हा आणखी एक अपमान.

अंतर

नवीन यंत्रानं तो पुन्हा पाच वेळा हरला. कारण आता पल्स गन घेऊनही तो लांबूनच मारत होता.

शस्त्रांना या गेममध्ये अंतराचे दोन आकडे असतात. एक, जिथून मार उत्तम बसतो ते अंतर. दुसरा, ज्याच्या पलीकडे गोळी जवळजवळ निरुपयोगी होते ते. त्या पलीकडून मारलेली गोळी चिलखतावर नुसती घसरून जाते. पडद्यावर ठिणग्या उडतात, आवाजही येतो, आणि बघणाऱ्याला वाटतं मारा चालू आहे. पत्र्यावर गारा पडाव्यात तसा तो मारा. पहिल्या दोन रात्रींतली त्याची निम्मी रायफल या गारांमध्ये गेली होती. पल्स गन तर जवळचीच वस्तू आहे, तिच्या गोळ्या लांब पोचेपर्यंत बाल्टियस जेवून झोपलेला असतो.

पण जवळ जायचं म्हणजे क्षेपणास्त्रांच्या तोंडात जायचं, असं भाच्याचं म्हणणं. रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. कडं फुटतं तेव्हा क्षेपणास्त्रं आधी बाहेरच्या बाजूला पसरतात आणि मग वळून लक्ष्याकडे येतात. मागे पळणाऱ्याला ती वळून, जुळवून घेऊन, एकत्र गाठतात. जो त्याच क्षणी सरळ पुढं, बाल्टियसच्या पोटाखाली घुसतो त्याच्या डोक्यावरून बरीचशी निघून जातात, कारण वळायला त्यांना जागा उरत नाही. म्हणजे भाचा ज्याला सुरक्षित अंतर समजत होता तिथं त्याचा मार लागत नव्हता आणि समोरच्याचा पुरेपूर लागत होता. दोन्ही बाजूंनी तोटा.

आणि स्वतःचं तोलाचं खातं? तेच नियम आपल्यालाही लागू. हलक्या पायांची, हलक्या धडाची पट्टी लवकर भरते. चार क्षेपणास्त्रं लागोपाठ बसली की थिजला, आणि थिजल्यावर बाल्टियसच्या माराला थेट वाराची टक्केवारी. त्याचे ते तीन-चार हजार एपी यातच जात होते. चिलखताला तीन जातींच्या माराविरुद्ध वेगवेगळे आकडे असतात, गोळीचा मार, ऊर्जेचा मार आणि स्फोटाचा. क्षेपणास्त्रं स्फोटाच्या जातीतली. एपी जास्त असलेले भाग शोधण्याऐवजी आम्ही तोल आणि स्फोटाचा आकडा बघून धड आणि पाय बदलले. यंत्र जरा जड झालं, उड्या कमी झाल्या. भाच्याला ते दिसायला आवडलं नाही. ‘फ्रिज चालल्यासारखं चालतंय.’

तेविसावी लढत

फ्रिज आत घुसला. पल्स गन दाबून धरलेली, कवच पाच-सहा सेकंदांत फुटलं. मी शेजारून बोलायचं नाही असं ठरलं होतं, तरी तोंडातून ‘ब्लेड नको’ निघून गेलं. तो म्हणाला, ‘माहितीये.’ दुनळी तोफेचा बार, तोलाची पट्टी झपकन वर. पल्स गन चालूच. दुसरा बार. थिजला. आणि आता ब्लेड हजर होतं, थंड, हिरवंगार. दोन सपकारे. बाल्टियसची पट्टी एका झटक्यात एवढी खाली आली की भाचा दचकून मागे सरकला आणि पुढची दोन सेकंदं वाया घालवली.

दुसऱ्या फेरीत सावरला. आगीचे लोळ सुरू झाले तेव्हा एक संच शिल्लक होता. तिथं एक चूक झाली, बार चुकला, तोलाची पट्टी ओसरली, आणि घागर पुन्हा भरावी लागली. पण पडला. शेवटचा वार ब्लेडचा नव्हता, खांद्यावरच्या जुन्या क्षेपणास्त्रांचा होता. ती त्यानं सवयीनं सोडली होती.

स्वयंपाकघरातून विचारणा झाली, काय फुटलं म्हणून.

गुणपत्रिका

जिंकल्यावर गेम कौतुक करत नाही, पावती देतो. मिशनचं मानधन, त्यातून दारूगोळ्याचा खर्च वजा, दुरुस्तीचा खर्च वजा, खाली निव्वळ रक्कम. ही परंपरा जुनी आहे. १९९७ साली प्लेस्टेशनवर आलेल्या पहिल्या ‘आर्मर्ड कोअर’मध्ये तर खर्च उत्पन्नापेक्षा जास्त होत गेला आणि खातं ५०,००० क्रेडिटपेक्षा जास्त उणे झालं, की तुमच्या पायलटला प्रयोगासाठी विकून त्याच्यावर शस्त्रक्रिया करत. गंमत अशी की त्यातून यंत्राला ताकद वाढवून मिळे, म्हणून काहीजण मुद्दाम दिवाळं काढत. असला कायदा आपल्याकडे येऊ नये.

आमच्या पावतीवर दारूगोळ्याची रक्कम बरीच होती. ग्रेनेड महाग. दुरुस्तीची त्याहून कमी. भाच्याच्या मते हा नफा, म्हणजे लढत छान झाली. पण ही पावती गुणांची नव्हे. मिशनला रँक मिळते ती पहिल्यांदा खेळताना दिसतच नाही. नंतर ‘रिप्ले मिशन’मधून तीच लढत पुन्हा खेळलात तर दिसते, आणि सर्वांत वरची रँक एस.

दुसऱ्या दिवशी त्यानं त्याच यंत्रानं रिप्ले खेळला, एकदाही न हरता, मोठ्या ऐटीत. रँक आली बी. चेहरा बघण्यासारखा झाला. ‘मी मेलो पण नाही!’

रँकचं सूत्र गेममध्ये कुठं छापलेलं नाही, पण भरपूर खेळलेल्यांचा अनुभव एका बाजूला झुकतो. वेळ सगळ्यांत महत्त्वाचा, त्यानंतर तुम्ही खाल्लेला मार आणि खर्च. मधे चेकपॉइंटवरून उठलात तर एसचं नाव काढू नये. आमची लढत सुरक्षित होती आणि लांबलेली होती. वाटेतल्या फुटकळ यंत्रांनाही तो थांबून-थांबून मारत आला होता. तिथं गेलेला प्रत्येक मिनिट गुणपत्रिकेत उणे.

मला यात गैर काही वाटत नाही. खऱ्या रोबोंच्या लढतीतही जिंकणं आणि गुण मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतल्या ‘बॅटलबॉट्स’मध्ये तीन मिनिटांत कुणी बंद पडलं नाही तर तीन पंच निकाल देतात, आणि अलीकडच्या पद्धतीत प्रत्येक पंचाचे ११ गुण: नुकसानीला ५, आक्रमकतेला ३, नियंत्रणाला ३. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या टेकफेस्टमध्ये रोबोवॉर्स होतात, तिथं एकदा गर्दीतून डोकावून बघितलं होतं. काचेपलीकडे लोखंड लोखंडावर आपटल्यावर जो आवाज होतो तो पोटात जाणवतो. पण तिथंही धूर निघालेला रोबो हरलाच असं नसतं, तो पळतो का, वळतो का, हे बघतात. धुराला गुण नसतात.

माणसाविरुद्ध माणूस खेळताना हीच गोष्ट कटू होते. या गेमच्या ऑनलाइन लढतींत वेळ संपली तर ज्याचा एपी जास्त उरला तो जिंकतो. नियम साधा, न्याय्य. त्याचा परिणाम असा की एखादा सुरुवातीला एकदा तोल घालवतो, दोन हजार एपीची आघाडी घेतो आणि उरलेला वेळ हवेत पळत काढतो. त्याला दोष कसा देणार? नियमानं ज्याला गुण ठेवले तेच तो करतोय. क्रिकेटमध्ये कसोटी वाचवायला शेवटच्या दिवशी खेळपट्टीवर ठाण मांडणाऱ्या फलंदाजाला आपण धीराचा म्हणतो, इथं मात्र शिव्या पडतात.

आकडे कायमचे नसतात हेही भाच्याला सांगायला हवं होतं. सप्टेंबर २०२३ मध्येच एका पॅचनं, म्हणजे कंपनीनं नंतर पाठवलेल्या दुरुस्तीनं, बाल्टियसची धार थोडी कमी केली आणि काही कमजोर शस्त्रांना बळ दिलं. सुरुवातीच्या महिन्यांत ऑनलाइन लढतींत ‘झिमरमन’ नावाच्या शॉटगनची एवढी दहशत होती की पुढच्या पॅचमध्ये तिचे दात काढावे लागले. म्हणून पहिल्या आठवड्यात ज्यांनी बाल्टियस पाडला ते अजून तसं आवर्जून सांगतात, जुन्या अभ्यासक्रमाच्या मॅट्रिकवाल्यांसारखे.

एससाठी भाच्यानं पुढं तीन दिवस घातले. जड पाय काढून टाकले, पुन्हा हलके लावले, फुटकळ यंत्रांच्या शेजारून सरळ निघून जायला लागला, आणि बाल्टियससमोर एकही संच न वापरता ए पर्यंत पोचला. मी म्हटलं, एवढं पुरे. तो म्हणाला, ‘मामा, तुझ्या क्लाएंटला तू असं सांगतोस का?’

मग सुट्टी संपली, तो गेला. परवा रात्री साडेबाराला फोनवर मेसेज आला: ‘सी स्पायडर. दुसऱ्या अध्यायाचा बॉस. सहा पाय. याला कवचच नाही. पल्स गन विकू?’

मी लिहिलं, किती आले ते कळव.

‘घेतली तेवढेच.’